वंश, नोकरी आणि तोंडी घातलेली वाक्ये

१९ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात शर्ली शेरॉड या बाई गाडीने घराकडे निघाल्या होत्या. केंद्रीय कृषी खात्याच्या ग्रामीण विकास विभागाच्या त्या राज्य संचालक होत्या. वाटेत त्यांना वरिष्ठांचे एकामागून एक फोन आले आणि शेवटी, गाडी रस्त्याच्या कडेला थांबवा आणि हातातल्या ब्लॅकबेरी फोनवरूनच राजीनामा पाठवून द्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी तो पाठवला. त्या दिवशी अँड्र्यू ब्राइटबार्ट या उजव्या विचारांच्या प्रकाशकाने त्यांच्या भाषणाची अडीच-तीन मिनिटांची चित्रफीत आपल्या संकेतस्थळावर टाकली होती. तीत शेरॉड, ज्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत, कृष्णवर्णीय श्रोत्यांना सांगत होत्या की एक गोरा शेतकरी जमीन वाचवण्यासाठी मदत मागायला आला तेव्हा, इतके कृष्णवर्णीय शेतकरी जमिनी गमावत असताना आपण एका गोऱ्या माणसाला का मदत करावी असा झगडा आपल्या मनात चालला होता, आणि म्हणून आपण त्याच्यासाठी पूर्ण ताकद लावली नाही.

चित्रफितीच्या सुरुवातीला एक मजकूर झळकत होता. केंद्र सरकारच्या पदावर बसून ही बाई वंश पाहून लोकांना मदत करते किंवा नाकारते, असा त्याचा आशय होता. ते भाषण शेरॉड यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, १९०९ साली स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संस्थेच्या स्थानिक भोजन-समारंभात केले होते. म्हणजे यजमान याच संस्थेची माणसे होती, आणि तरीही चित्रफीत झळकली त्याच रात्री संस्थेच्या राष्ट्रीय नेतृत्वाने शेरॉड यांचा जाहीर निषेध करून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच कार्यक्रमाचे त्रेचाळीस मिनिटांचे पूर्ण चित्रीकरण पाहिले आणि आपण फसवले गेलो असे कबूल केले.

पूर्ण भाषणात काय होते? तो प्रसंग १९८६ सालचा होता. त्या वेळी शेरॉड सरकारी नोकरीत नव्हत्या, शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या एका बिगरसरकारी संस्थेत काम करत होत्या. त्यांनी त्या गोऱ्या शेतकऱ्याला एका गोऱ्या वकिलाकडे नेले, कारण त्याचाच माणूस त्याची काळजी घेईल असे त्यांना वाटले होते. त्या वकिलाने काहीच केले नाही, शेत लिलावाला लागायची वेळ आली, आणि मग शेरॉड यांनी स्वतः खटपट करून दुसरा वकील गाठला आणि जमीन वाचवली. या अनुभवातून आपल्याला कळले की खरा प्रश्न गरीब आणि ज्यांच्याकडे आहे अशांमधला आहे, हे सांगण्यासाठीच त्या तो किस्सा सांगत होत्या. त्याच भाषणात त्यांनी आपल्या वडिलांची हकीकतही सांगितली होती. १९६५ मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने त्यांना गोळी घालून मारले होते आणि त्याबद्दल कोणावरही खटला उभा राहिला नाही. ज्याची जमीन शेरॉड यांनी वाचवली तो शेतकरी आणि त्याची पत्नी वृत्तवाहिनीवर येऊन म्हणाले की या बाईंमुळेच आमचे शेत वाचले. २१ जुलैला कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी माफी मागितली, २२ ला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी फोन केला. नवी नोकरी देऊ केली गेली, पण शेरॉड यांनी ती घेतली नाही.

हे प्रकरण इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, इथे ‘हा व्हिडिओ खरा आहे का?’ हा प्रश्न विचारून काहीच हाती लागले नसते. आवाज शेरॉड यांचाच होता, शब्दही त्यांचेच होते, कोणी काही डब केलेले नव्हते. खोटे होते ते दोन ठिकाणी. एक, वर लिहिलेला मजकूर, ज्याने १९८६ मधल्या खासगी नोकरीचा प्रसंग २०१० मधल्या सरकारी पदाला चिकटवला. दुसरे, कात्री जिथे चालली ती जागा. किस्सा सांगणारा माणूस आधी आपली चूक सांगतो आणि मग तिच्यातून काय शिकलो ते सांगतो. आपल्याकडचे कीर्तनकारही असेच करतात. पूर्वार्धावर चित्रफीत संपवली की चुकीची कबुली हीच फुशारकी होऊन बसते. म्हणून एखाद्या नेत्याचे किंवा अधिकाऱ्याचे वंशाबद्दलचे खळबळजनक वाक्य हाती आले की मी पहिल्यांदा घड्याळ पाहतो. मूळ भाषण किती मिनिटांचे, हाती आलेला तुकडा किती सेकंदांचा, आणि तुकडा संपल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात बोलणारा काय म्हणाला? ही तीन उत्तरे मिळाली नाहीत तर पुढे पाठवण्याचे बटण दाबायची घाई नको.

पण सगळीच प्रकरणे कात्रीची नसतात. पूर्ण ध्वनिमुद्रण उपलब्ध असते, कोणी काही कापलेले नसते, आणि तरीही वाक्य एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलते. अमेरिकेतील उजव्या चळवळीचे तरुण नेते चार्ली कर्क यांची १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात गोळी झाडून हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत त्यांची जुनी विधाने मोठ्या प्रमाणावर फिरली. त्यांतले एक असे होते: ‘कृष्णवर्णीय स्त्रियांना गंभीरपणे घेतले जावे इतकी त्यांच्या मेंदूची क्षमता नसते.’ एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राच्या स्तंभलेखिकेनेही ते साधारण याच रूपात, अवतरणचिन्हांत आणि कर्क यांच्या नावाने लिहिले. समाजमाध्यमांवरील आपल्या मजकुरामुळे आपल्याला नोकरीवरून काढण्यात आले, असे त्यांनी पुढे जाहीर केले.

मूळ वाक्य शोधायला गेले तर ते १३ जुलै २०२३ च्या कर्क यांच्या कार्यक्रमात सापडते. त्याच्या दोन आठवडे आधी, २९ जून २०२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात महाविद्यालयीन प्रवेशासाठी वंश विचारात घेण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली होती. त्यावर दूरचित्रवाणी निवेदिका जॉय रीड यांनी, आपल्याला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला तो या धोरणामुळेच, असे म्हटले होते. कर्क यांनी चार नावे घेतली: जॉय रीड, मिशेल ओबामा, टेक्सासच्या खासदार शीला जॅक्सन ली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती केतानजी ब्राउन जॅक्सन. या धोरणामुळेच आम्ही इथवर आलो असे आता त्या स्वतःच सांगत आहेत, असे म्हणून ते पुढे जे बोलले त्याचा मराठीत अर्थ असा: ‘होय, आम्हाला ठाऊकच आहे. एरवी तुम्हाला खरोखर गंभीरपणे घेतले जावे इतकी तुमच्या मेंदूची क्षमता नाही. थोडेफार गंभीरपणे घेतले जावे म्हणून तुम्हाला एका गोऱ्या व्यक्तीची जागा चोरावी लागली.’

आता दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. मूळ वाक्यात ‘तुम्ही’ आहे आणि त्या ‘तुम्ही’ला चार नावे आहेत, तर फिरत्या वाक्यात ‘कृष्णवर्णीय स्त्रिया’ हा कर्ता बाहेरून आणून बसवला आहे. फरक एका कर्त्याचा आहे, पण चार व्यक्तींचा अपमान आणि कोट्यवधी स्त्रियांबद्दलचा सिद्धान्त यांत जेवढे अंतर असते तेवढा तो मोठा आहे. त्याच वेळी हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे की मूळ वाक्य सौम्य नाही. चारही नावे कृष्णवर्णीय स्त्रियांची आहेत, त्यांतल्या तिघींनी हार्वर्डमध्ये आणि एकीने येलमध्ये पदवी घेतली आहे, आणि ‘गोऱ्या व्यक्तीची जागा’ हे शब्द कर्क यांनी स्वतःच वापरले आहेत. यातून त्यांची समजूत कोणत्या दिशेची होती असे अनुमान एखाद्याने काढले तर त्याला तो अधिकार आहे. फक्त ते अनुमान अवतरणचिन्हांच्या बाहेर, स्वतःच्या नावावर काढावे. शहानिशा करणाऱ्याला बोलणाऱ्याचा वकील समजण्याची चूक वारंवार होते. प्रत्यक्षात तो फक्त आरोपपत्रातले कलम दुरुस्त करत असतो.

मराठी वाचकासाठी या वाक्यात आणखी एक सापळा आहे, आणि तो इंग्रजी वाचकाला दिसणारही नाही. प्रवेशात वंश विचारात घेण्याच्या या धोरणाला इंग्रजीत ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ म्हणतात. त्याचे भाषांतर आपण हात न थांबवता ‘आरक्षण’ असे करतो आणि ‘जागा चोरली’ हे वाचले की आपल्या मनात ‘राखीव जागा’ येते. भारतात राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी जागा राखून ठेवायला परवानगी दिली आहे. अमेरिकेत अशी राखीव जागांची पद्धत १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्याक वंशांसाठी बाजूला ठेवल्या होत्या, त्या न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, मात्र प्रवेश देताना अनेक बाबींपैकी एक म्हणून वंश पाहायला मुभा ठेवली. २०२३ मध्ये ती मुभाही गेली. नोकऱ्यांच्या बाबतीत तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण वंशावरून भेदभाव करायला मनाई करते. त्यामुळे ‘अमुक बाई आरक्षणातून न्यायमूर्ती झाल्या, असे कर्क म्हणाले’ असे मराठीत लिहिणे म्हणजे कर्क यांच्या वाक्यात आपल्या गावचा वाद घुसवणे होय. ते तसे म्हणाले नव्हते, आणि अमेरिकेत तसे आरक्षण नाहीही.

याच प्रकारची शहानिशा कर्क यांच्या वैमानिकाबद्दलच्या विधानाला लागू होते, पण निष्कर्ष वेगळा निघतो. ‘कृष्णवर्णीय वैमानिक दिसला तर माझ्या मनात येईल, बाबा, हा पात्र असला म्हणजे मिळवली’ अशा आशयाचे वाक्य जानेवारी २०२४ मध्ये ते खरोखर बोलले, त्याचे चित्रीकरण आहे आणि शब्दांत फिरवाफिरव नाही. युनायटेड एअरलाइन्सने २०२१ मध्ये, या दशकात आपण प्रशिक्षण देणार असलेल्या पाच हजार वैमानिकांपैकी निम्म्या स्त्रिया किंवा कृष्णवर्णीय व अन्य बिगरगोऱ्या वंशांचे असतील, असे जाहीर केले होते. त्या प्रकारच्या धोरणांवर चर्चा चालली होती. आपण मुळात असे नाही, ही धोरणेच आपल्याला असा विचार करायला लावतात, असेही कर्क त्या बोलण्यात म्हणाले होते. ही भर घातल्यावर कोणाला ते वाक्य हलके वाटेल, कोणाला अधिकच जड वाटेल. लिहिणाऱ्याने वाक्यही द्यावे आणि भरही द्यावी, तोल वाचकावर सोडावा.

मराठीत अशा गडबडीला ‘ध चा मा’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही १७७३ सालची गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गंमत अशी की, खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले असले, तरी अक्षर आनंदीबाईंनीच बदलले ही कथा स्वतःच पुराव्याच्या बाबतीत लंगडी आहे. शब्द फिरवण्याबद्दलचा आपला सर्वांत लाडका वाक्प्रचारच एका बाईच्या नावावर पुराव्याशिवाय चढवलेला आहे.

भाषांतर मध्ये आले की काम अधिक नाजूक होते. १३ मे २००५ रोजी मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते फॉक्स पुएर्तो वायार्ता येथे टेक्सासच्या उद्योजकांसमोर स्पॅनिशमध्ये म्हणाले की, आत्मसन्मान, इच्छाशक्ती आणि काम करण्याची क्षमता असलेले मेक्सिकन लोक अमेरिकेत अशी कामे करत आहेत, जी तिथले कृष्णवर्णीय लोकसुद्धा करायला तयार नाहीत. गदारोळ उठला. फॉक्स यांचे विधान संदर्भ सोडून घेतले गेले, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने केला आणि काही दिवसांत फॉक्स यांनी जेसी जॅक्सन आणि अल शार्पटन या कृष्णवर्णीय नेत्यांकडे फोनवरून खेद व्यक्त केला.

इथे अनेकांचे लक्ष ‘नेग्रोस’ या शब्दावर गेले, कारण इंग्रजीत त्याच्यासारखा दिसणारा शब्द आज कोणी वापरत नाही, आणि मराठीतही कोणी घाईत ‘निग्रो’ लिहून मोकळा होईल. पण स्पॅनिशमध्ये ‘नेग्रो’ म्हणजे साधा ‘काळा’ हा रंगवाचक शब्द आहे, त्यात आपोआप शिवी नसते. अपमान ज्या दोन शब्दांत आहे ते ‘नी सिकिएरा’ आहेत, म्हणजे मराठीतला ‘सुद्धा’. ‘कृष्णवर्णीय जी कामे करत नाहीत’ आणि ‘कृष्णवर्णीयसुद्धा जी कामे करत नाहीत’ ही वाक्ये एकदा मोठ्याने वाचली की कळते. दुसऱ्या वाक्यात सर्वांत खालची पायरी कोणाची हे बोलणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले आहे. संदर्भाचा बचावही इथे टिकत नाही, कारण पूर्ण भाषण ऐकले तरी तो ‘सुद्धा’ जागचा हलत नाही. शेरॉड यांच्या बाबतीत पुढची मिनिटे ऐकल्यावर अर्थ उलटला होता. ‘संदर्भ सोडून’ ही तक्रार खरी की केवळ ढाल, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही: काढून टाकलेला भाग परत लावून पाहावा आणि अर्थ बदलतो का ते बघावे.

कधी कधी तर प्रसिद्ध झालेले शब्द भाषणात नसतातच. ब्रिटनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे केलेले भाषण जगभर ‘रक्ताच्या नद्या’ या नावाने ओळखले जाते. नोकरी आणि घरे देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारे विधेयक तेव्हा संसदेपुढे होते आणि पॉवेल त्याविरुद्ध बोलत होते. ‘रक्ताच्या नद्या’ हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. रोमन महाकाव्यातील एका ओळीचा आधार घेऊन, टायबर नदी रक्ताने फेसाळताना आपल्याला दिसते आहे, असे ते म्हणाले. पंधरा-वीस वर्षांत या देशात चाबूक काळ्या माणसाच्या हाती असेल, हे सर्वांत जहाल वाक्यही त्यांनी आपल्या मतदारसंघातील एका माणसाच्या तोंडी घालून सांगितले. ते सांगताना त्यांनी त्याला नापसंती दर्शवली नाही, उलट असे लाखो लोकांना वाटते असे म्हटले. म्हणून ‘पॉवेल यांनी एका मतदाराचे म्हणणे समर्थनासह उद्धृत केले’ असे लिहिणे अचूक ठरते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पक्षनेत्याने त्यांना प्रति-मंत्रिमंडळातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या संभाव्य मंत्र्यांच्या गटातून, काढले आणि दोन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार त्यांच्या बाजूने मोर्चा घेऊन संसदेवर गेले.

आपल्याकडे याच जातीचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण मेकॉलेचे आहे. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही’ असे सुरू होणारे, २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केलेले म्हणून दाखवले जाणारे भाषण मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत दर काही महिन्यांनी नव्याने उगवते. त्या तारखेला मेकॉले लंडनमध्ये नव्हता. तो कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य होता आणि त्याच तारखेची त्याची शिक्षणविषयक टिपणी उपलब्ध आहे. तिच्यात जे खरोखर आहे ते आपल्या विषयाच्या फार जवळचे आहे: रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडी, मते, नीती आणि बुद्धीने इंग्रज असा एक वर्ग तयार करावा, जो राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करील. वंश आणि चाकरी या दोहोंबद्दलचे इतके उघड, सही-शिक्क्याचे वाक्य हाताशी असताना लोकांना बनावट वाक्याची गरज का पडते, हे मला कधी उलगडलेले नाही.

शोधायचे कसे, याबद्दल थोडे व्यवहारातले. वाक्यातील सहज न सुचणारे पाच-सहा शब्द मूळ भाषेत अवतरणचिन्हांत घालून शोधावेत आणि निकाल तारखेनुसार लावावेत. जे वाक्य १९९० सालचे म्हणून सांगितले जाते ते २०१५ पूर्वी कुठेच सापडत नसेल तर संशय घ्यायला जागा आहे. अमेरिकेतील भाषणांसाठी सी-स्पॅन या वाहिनीचा चित्रसंग्रह आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जपलेला राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचा संग्रह खुला आहे, ब्रिटिश संसदेसाठी हॅन्सार्ड ही कामकाजाची अधिकृत नोंद आहे, इंटरनेटवरून पुसून टाकलेल्या पानांसाठी वेबॅक मशीन हा संग्रह आहे. मात्र अधिकृत नोंद म्हणजे शब्दशः नोंद, असे समजू नये. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना आपले भाषण छापील नोंदीत सुधारून देण्याची मुभा असते. आपल्या लोकसभेत आणि विधानसभेत तर अध्यक्ष आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश देतात, म्हणजे नेमके जे वाक्य तपासायचे तेच छापील कागदावर नसण्याची शक्यता अधिक. अशा वेळी चित्रीकरण हाच आधार उरतो.

आणि चित्रीकरणावरही आता डोळे झाकून विसंबता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर काउंटीच्या पाइक्सव्हिल हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या आवाजातील एक ध्वनिफीत पसरली. तीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील कुवतीबद्दल आणि ज्यू समाजाबद्दल हीन शेरे होते, शिवाय काही शिक्षकांना नोकरीवर घ्यायलाच नको होते असे वाक्य होते. मुख्याध्यापकांना रजेवर पाठवण्यात आले, त्यांना धमक्या आल्या, घराबाहेर पोलीस ठेवावे लागले. एप्रिलमध्ये पोलिसांनी त्याच शाळेच्या क्रीडा संचालकाला अटक केली. त्याच्या कामाबद्दल आणि शाळेच्या पैशांच्या वापराबद्दल चौकशी सुरू होती, पुढच्या वर्षीचा करार मिळेल की नाही ही शंका होती, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने त्याने हा आवाज तयार केला असा पोलिसांचा आरोप होता. ध्वनिफितीत यंत्राने तयार केलेल्या आवाजाच्या खुणा आहेत आणि मागचे आवाज नंतर मिसळलेले आहेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. पण तपासाचा धागा खरा सुटला तो ही फीत पहिल्यांदा ज्या ईमेल पत्त्यावरून काही शिक्षकांना पाठवली गेली, त्या पत्त्याचा माग काढल्यावर. सामान्य वाचकाला आवाजाचे पृथक्करण करता येत नाही, पण ‘हे प्रथम कोणी, कोणाला, कोठून पाठवले आणि त्याचा त्यात काय फायदा’ हे विचारता येते. पाइक्सव्हिलमध्ये पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारण्यासारखा होता.

आता सर्वांत अवघड प्रकार, जिथे ध्वनिमुद्रणच नाही. एकाच माणसाची दोन वाक्ये घेतली तर फरक नीट दिसेल. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथील जाहीर वादचर्चेत डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की सीमा ओलांडून येणारे स्थलांतरित ‘ब्लॅक जॉब्ज’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्या, घेत आहेत. (मराठीत याचे ‘काळे धंदे’ असे शब्दशः भाषांतर करू नये, एवढे सांगितले तरी पुरे.) हे वाक्य कोट्यवधी लोकांनी थेट ऐकले, त्यामुळे ते बोलले की नाही हा प्रश्नच नाही. ३१ जुलैला शिकागो येथे कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात त्यांना विचारण्यात आले की ‘ब्लॅक जॉब’ म्हणजे नेमके काय, तेव्हा ‘ज्याला नोकरी आहे असा कोणीही’ असे उत्तर त्यांनी दिले. यातला खरा-खोटेपणा आतल्या दाव्याचा आहे आणि तो वेगळ्या कागदांवर तपासावा लागतो. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय दर महिन्याला वंशनिहाय बेरोजगारीचे आकडे देते. त्यात कृष्णवर्णीयांच्या बेरोजगारीचा दर एप्रिल २०२३ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली, तोवरच्या नीचांकावर गेला होता. ‘तो हे बोलला’ आणि ‘तो बोलला ते खरे आहे’ या दोन गोष्टींना एकाच शिक्क्याखाली बसवले की वाचकाचा गोंधळ उडतो.

दुसरे वाक्य जुने आहे. अटलांटिक सिटी येथील ट्रम्प प्लाझा या जुगारगृहाचे प्रमुख राहिलेले जॉन ओडॉनेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिले की, एका कृष्णवर्णीय हिशेबनिसाचा विषय निघाला असता ट्रम्प आपल्याशी बोलताना म्हणाले की आळस हा कृष्णवर्णीयांचा स्वभावधर्मच आहे आणि माझे पैसे कृष्णवर्णीयांनी मोजावेत हे मला मुळीच आवडत नाही. ध्वनिफीत नाही, तिसरा साक्षीदार पुढे आलेला नाही. ओडॉनेल यांच्या बाजूने एवढे आहे की ते वाक्य ऐकण्याच्या जागी खरोखर होते आणि त्यांनी ते दोन-तीन वर्षांतच लिहिले. विरुद्ध बाजूला एवढे आहे की १९९० मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याशी भांडून नोकरी सोडली होती. १९९७ मध्ये प्लेबॉय मासिकाच्या मुलाखतीत ट्रम्प यांनी ओडॉनेल यांना शिवी हासडतच सांगितले की, त्यांनी माझ्याबद्दल लिहिलेले बहुधा खरे आहे. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा विचार सुरू झाला तेव्हा मात्र, आपण तसे काही म्हटलेच नाही, असे ते सांगू लागले.

‘बहुधा खरे’ हे शब्द मोहात पाडणारे आहेत, पण ते पुस्तकातील एकूण मजकुराबद्दल होते, त्या एका वाक्याकडे बोट दाखवून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दुसरा मोह यापेक्षा मोठा आहे. १९९१ मध्ये न्यू जर्सीच्या जुगार नियंत्रण आयोगाने याच ट्रम्प प्लाझाला दोन लाख डॉलर दंड केला, कारण एका बड्या जुगाऱ्याच्या मर्जीखातर तिथे कृष्णवर्णीय आणि स्त्री कर्मचाऱ्यांना त्याच्या टेबलावरून हटवले जात होते; पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो दंड कायम ठेवला. हा कागद पक्का आहे, त्यावर वाद नाही. तो त्या जुगारगृहात नोकरी करणाऱ्या माणसांशी काय चालले होते हे सांगतो. मालक एका अधिकाऱ्याशी खासगीत काय बोलला, हे मात्र तो सांगत नाही, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला जोडून दिला तर दोन्ही कमजोर होतात. म्हणून मला हे वाक्य मराठीत द्यायची वेळ आली तर मी ते असे देईन: ‘ट्रम्प असे म्हणाले, असे त्यांचे माजी अधिकारी जॉन ओडॉनेल यांनी १९९१ मध्ये लिहिले; ट्रम्प यांनी १९९७ मध्ये ओडॉनेल यांचे लिखाण बहुधा खरे असल्याचे म्हटले आणि १९९९ मध्ये हे विधान नाकारले.’ वाक्य लांब आहे, मथळ्यात मावणारे नाही, आणि संपादक त्यातला मधला अर्धविराम काढायला सांगणार हेही मला ठाऊक आहे.